अभ्यासिकेच्या वायफायवर कंटेंट फिल्टर कसा बसवायचा? लिनक्स, स्क्विड आणि डीएनएसची पूर्ण माहिती

चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर... बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी गेलात की अभ्यासिकेचा बोर्ड दिसतोच. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नीट अशी सगळी तयारी तिथे चालते, आणि बोर्डावर खाली लिहिलेलं असतं 'वायफाय उपलब्ध'. थोड्या दिवसांनी चालकांची तक्रार सुरू होते: "पोरं वायफायवर नको ते बघतात, काही बंद करता येतं का?" मग ज्याला 'कम्प्युटरमधलं कळतं' त्याला बोलावणं जातं. तो किंवा ती तुम्हीच असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि ज्याच्या मोबाईलवर असा फिल्टर लागतो तो तुम्ही असाल, तरी वाचा. आपल्या नेटवर कोण काय बघू शकतं, हे माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट आधीच सांगतो. फिल्टर बसवायला एक दुपार पुरते. अवघड काम वेगळंच असतं: काय बंद करायचं, चुकून बंद झालेलं कसं उघडायचं आणि हे कोण ठरवणार.

प्रॉक्सी म्हणजे नेमकं काय?

एरवी तुमचा फोन थेट वेबसाइटशी बोलतो. प्रॉक्सी बसवली की मध्ये एक कम्प्युटर येतो. फोन त्याला सांगतो "मला अमुक साइट पाहिजे", तो आपले नियम बघतो, परवानगी असेल तर साइटकडे जातो आणि उत्तर आणून देतो. नसेल तर तिथूनच नकार.

लिनक्सवर या कामासाठी सगळ्यात जुनं आणि टिकाऊ नाव म्हणजे स्क्विड. १९९६ पासून चालत आलेलं, मोफत आणि ओपन सोर्स. स्क्विड पत्ता बघून अडवतो. पानावरचा मजकूर वाचून अडवण्यासाठी डॅन्सगार्डियन नावाचं सॉफ्टवेअर प्रसिद्ध होतं. आता त्याचंच पुढचं रूप ई२गार्डियन वापरलं जातं. पानावर सापडलेल्या, यादीतल्या शब्दांना ते गुण देतं आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की पान अडवतं. डॅन्सगार्डियनच्या मूळ सेटिंगमध्ये लहान मुलांसाठी ५०, मोठ्या मुलांसाठी १०० आणि तरुणांसाठी १६० अशी मर्यादा सुचवलेली होती. आकडा जितका कमी, तितका फिल्टर कडक.

ऐकायला हे भारी वाटतं. पण आज यात दोन मोठ्या अडचणी आहेत.

अडचण पहिली: पाकीट बंद असतं

आज जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर चालतात. प्रॉक्सीला पाकिटावरचं नाव दिसतं, आतलं पत्र दिसत नाही. तुम्ही विकिपीडियावर गेलात एवढं कळतं, कोणतं पान वाचलंत ते कळत नाही. म्हणजे शब्द मोजणारा फिल्टर अशा पानांवर आंधळाच.

पाकीट फोडण्याची सोय स्क्विड आणि ई२गार्डियन दोघांतही आहे. त्यासाठी प्रत्येक फोनवर आणि लॅपटॉपवर तुमचं स्वतःचं सर्टिफिकेट टाकावं लागतं. मग ब्राउझर तुमच्या प्रॉक्सीलाच खरी साइट समजतो. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फोनवर हे करू नका. ब्राउझरमधून टाकलेला ईमेलचा पासवर्ड, बँकेचं लॉगिन, खासगी मेसेज, सगळं तुमच्या त्या जुन्या डेस्कटॉपवर उघडं होतं. उद्या तो कम्प्युटर कोणी हॅक केला तर? शिवाय अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप अशा हाताने टाकलेल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे अर्धी ॲप बंदच पडतात. संस्थेच्या मालकीच्या कम्प्युटरवर, सगळ्यांना लेखी सांगून, फार तर विचार करता येईल. अभ्यासिकेला त्याची गरज पडत नाही.

फोन वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: वायफाय वापरायला कोणी सर्टिफिकेट इन्स्टॉल करायला सांगितलं, तर आधी कशासाठी ते विचारा. समाधान झालं नाही तर आपला मोबाईल डेटा बरा.

अडचण दुसरी: मराठी शब्द

समजा पाकीट उघडं आहे आणि तुम्ही शब्दांची यादी केली. 'लिंग' हा शब्द टाकला. आता काय काय अडकेल बघा: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. म्हणजे मराठी व्याकरणाचा अख्खा धडा गेला, आणि तोच तर स्पर्धा परीक्षेला येतो! लोणार सरोवराच्या काठावरच्या मंदिरांचा लेख 'शिवलिंग' या शब्दामुळे अडकेल. 'स्तन' टाकलात तर स्तनपान आणि स्तनाचा कर्करोग तर जातीलच, पण 'सस्तन प्राणी'सुद्धा जातील. विज्ञानाचा तोही धडा गेला.

"मग पूर्ण शब्दच जुळवू, आजूबाजूला मोकळी जागा असेल तरच." इंग्रजीत हा उपाय बऱ्यापैकी चालतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात: लिंगाचे, लिंगानुसार, लिंगभेद. एकतर जास्त अडकतं, नाहीतर काहीच अडकत नाही.

टायपिंगचाही घोळ आहे. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. एकात 'ॲ' हे एकच अक्षर असतं, दुसऱ्यात 'अ' आणि वर वेगळी चंद्रखूण. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. शब्दयादीवर चालणारा फिल्टर अशा ठिकाणी गुपचूप फसतो.

म्हणून आपण शब्दांच्या मागे न लागता साइटच्या नावांवर चालणारा फिल्टर बसवू.

काय काय लागेल?

जुना डेस्कटॉप चालेल. ४ जीबी रॅम आणि छोटी एसएसडी पुरते. दोन लॅन पोर्ट हवेत: एक इंटरनेटच्या राउटरकडे, दुसरा अभ्यासिकेच्या स्विचकडे. एकच पोर्ट असेल तर दुसरं कार्ड टाकून घ्या. त्यावर डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर. आणि एक यूपीएस, कारण लाइट गेली आणि हा कम्प्युटर बंद पडला की सगळ्यांचं नेट बंद. बायोसमध्ये 'वीज परत आली की आपोआप सुरू हो' असं सेटिंग असतं, ते चालू करा. नाहीतर दर लोडशेडिंगनंतर फोन तुम्हालाच येईल.

कम्प्युटर आणि मोबाईल यांचे मार्ग वेगळे ठेवा. अभ्यासिकेतले कम्प्युटर स्क्विडमधून जातील. मोबाईलसाठी डीएनएस फिल्टर. कारण सोपं आहे: अँड्रॉइडच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी टाकता येते, पण ती ब्राउझर पाळतो, बरीच ॲप पाळत नाहीत. जबरदस्तीने सगळं प्रॉक्सीतून न्यायला गेलात तर पेमेंट ॲप अडकतं, व्हॉट्सॲप अडकतं आणि दुसऱ्या दिवशी फिल्टरच काढून टाकायला सांगतात.

पायऱ्या: कम्प्युटरसाठी स्क्विड

(कमांड आणि फाइलींची नावं टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायची आहेत. इथे कोणती पायरी कशासाठी, ते समजून घ्या.)

१. आतल्या लॅन पोर्टला कायमचा आयपी पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१. हा पत्ता बदलत राहिला तर काहीच चालणार नाही.

२. एपीटी पॅकेज मॅनेजरने स्क्विड इन्स्टॉल करा. तो ३१२८ या पोर्टवर ऐकतो.

३. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत आधी 'आपलं नेटवर्क' कोणतं ते सांगा. फक्त त्यालाच परवानगी. हे विसरलात आणि पोर्ट बाहेर उघडा राहिला, तर जगातलं कोणीही तुमच्या कनेक्शनवरून उद्योग करू शकतं आणि पोलीस तुमच्या दारात येतील.

४. दोन साध्या टेक्स्ट फाइली बनवा: 'उघड्या' साइटची आणि 'बंद' साइटची. एका ओळीत एक साइट. नावाच्या आधी टिंब दिलं की त्या साइटच्या सगळ्या उपशाखा त्यात येतात.

५. नियमांचा क्रम असा ठेवा: आधी उघड्या यादीला परवानगी, मग बंद यादीला नकार, मग आपल्या नेटवर्कला परवानगी, शेवटी बाकी सगळ्यांना नकार. स्क्विड वरून खाली वाचतो आणि जो नियम पहिला जुळतो तिथेच थांबतो. दहापैकी नऊ वेळा 'फिल्टर चालत नाही' याचं कारण म्हणजे चुकलेला क्रम.

६. बदल लागू करण्याआधी स्क्विडचीच 'पार्स' तपासणी चालवा. ती चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगते. मग 'रीकॉन्फिगर'. सर्व्हिस बंद करून परत सुरू करायची गरज नाही.

७. कम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट टाका. मग फायरवॉलमध्ये कम्प्युटरकडून थेट बाहेर जाणारे ८० आणि ४४३ पोर्ट बंद करा. ४४३ बंद करताना टीसीपीसोबत यूडीपीसुद्धा, कारण क्विक नावाचा नवा प्रोटोकॉल यूडीपीवरून जातो आणि तो मोकळा राहिला तर मागचं दार उघडंच.

बंद साइटची यादी स्वतः बनवत बसू नका. फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठाची यादी मोफत मिळते आणि विषयवार असते: अश्लील, जुगार, फिशिंग वगैरे. तिच्यात लैंगिक शिक्षणाच्या साइटचाही वेगळा विभाग आहे, कारण अशा साइट चुकून अश्लीलमध्ये मोजल्या जातात. हा विभाग तुमच्या उघड्या यादीत टाका. मात्र ही यादी मराठी बघून केलेली नाही. मराठीतल्या काही नको त्या साइट सुटतील, काही चांगल्या अडकतील. दोन्ही हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

पायऱ्या: मोबाईलसाठी डीएनएस फिल्टर

डीएनएस म्हणजे इंटरनेटची फोन डिरेक्टरी. साइटचं नाव दिलं की नंबर मिळतो. फिल्टर करणारा डीएनएस नको त्या नावाचा नंबर देतच नाही. ॲप असो की ब्राउझर, दोघांना नंबर लागतोच, म्हणून मोबाईलवर हा उपाय जास्त चालतो.

१. त्याच कम्प्युटरवर पाय-होल टाका. ब्राउझरमधून चालवता येतं, शिकायला सोपं आहे.

२. त्याला वरचा डीएनएस म्हणून क्लाउडफ्लेअरचा कुटुंबासाठीचा १.१.१.३ द्या. तो व्हायरसच्या आणि अश्लील साइट अडवतो. फक्त व्हायरसच्या साइट अडवायच्या असतील तर १.१.१.२.

३. गूगलची सेफसर्च सक्तीची करा. गूगलने त्यासाठी 'फोर्ससेफसर्च' नावाचा वेगळा पत्ता ठेवलाय. पाय-होलमध्ये गूगलचं नाव त्या पत्त्याकडे वळवायचं. यूट्यूबच्या मर्यादित मोडसाठीही अशीच सोय आहे, कडक आणि मध्यम अशा दोन पातळ्यांची. मध्यम घ्या. कडकमध्ये अभ्यासाचे व्हिडिओही गायब होतात.

४. स्क्विडलाही हाच डीएनएस वापरायला सांगा. प्रॉक्सी असली की नाव शोधण्याचं काम ब्राउझर करत नाही, प्रॉक्सी करते. हे राहून गेलं तर मोबाईलवर सेफसर्च लागते आणि कम्प्युटरवर लागत नाही.

५. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ चा सगळा ट्रॅफिक पाय-होलकडे वळवा आणि ८५३ बंद करा. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' आलं, ते ८५३ वापरतं. कोणी त्यात दुसरं नाव टाकून ठेवलं असेल तर त्याचं नेट या वायफायवर चालणार नाही. त्याला ते 'ऑटोमॅटिक' करायला सांगा.

जास्त अडलं तर काय होतं?

एक उदाहरण मोठं, सरकारी पातळीवरचं. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी गटाचा मजकूर असल्याच्या कारणावरून ३२ पत्ते बंद करण्याचा आदेश निघाला. त्यात विमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन, इंटरनेट अर्काइव्ह आणि गिटहबचं जिस्ट होतं. आक्षेप मोजक्या मजकुराला, पण झळ लागली तिथे रोज काम करणाऱ्या प्रोग्रामरना आणि विद्यार्थ्यांना. ओरड झाली आणि त्यातल्या काही साइट लगेच परत सुरू झाल्या.

दुसरं उदाहरण आपण वर वापरलेल्या १.१.१.३ चं. १ एप्रिल २०२० ला ही सेवा सुरू झाली आणि लगेच लक्षात आलं की समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठीच्या माहितीच्या साइटही अडवल्या जातायत. कंपनीने चुकीची यादी जोडल्याचं कबूल केलं, माफी मागितली आणि दुरुस्ती केली.

या दोन्ही वेळी आरडाओरड करणारे लोक होते. अभ्यासिकेत ओरडणार कोण? सोळा वर्षांच्या मुलीला पाळीच्या त्रासाबद्दल वाचायचंय आणि पान उघडत नाही. ती उठून काउंटरवरच्या काकांना "ही साइट उघडून द्या" म्हणेल? नाही म्हणणार. ती गप्प बसेल आणि इन्स्टावरच्या कुठल्यातरी रीलवर विश्वास ठेवेल. फिल्टरची ही चूक कुठल्याही लॉगमध्ये 'चूक' म्हणून दिसत नाही. म्हणून ती आधीच टाळावी लागते.

सुरू करण्याआधी ही चाचणी करा

एक कम्प्युटर आणि एक मोबाईल घ्या आणि खालचं सगळं उघडतं का बघा. एक जरी अडलं तरी उघड्या यादीत टाका:

- पाळी, गर्भनिरोधन, स्तनपान, स्तनाचा कर्करोग यांची मराठी आणि इंग्रजी पानं
- व्याकरणातलं लिंग, सस्तन प्राणी, प्रजननसंस्थेचा धडा
- पोक्सो कायदा, बालविवाह प्रतिबंधक कायदा यांची माहिती
- चाइल्डलाइन १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, सायबर फसवणुकीसाठी १९३० यांच्या साइट
- व्यसनमुक्तीची माहिती ('दारू', 'ड्रग्ज' या विभागात हमखास अडकते)
- परीक्षांचे फॉर्म भरायच्या सरकारी साइट आणि फी भरायचं पेमेंट पान

'साइट अडली' हे कळणार कसं?

इथे बरेच जण फसतात. 'ही साइट बंद आहे, अमुक यांना भेटा' असं सुंदर पान बनवतात आणि ते कोणाला दिसतच नाही. एचटीटीपीएसची साइट अडवली की ब्राउझर तुमचं पान दाखवत नाही, 'कनेक्शन होऊ शकलं नाही' छापाचा एरर दाखवतो. विद्यार्थ्याला वाटतं नेट बंद आहे.

म्हणून कागदच लावा, भिंतीवर. त्यावर चार गोष्टी: इथे फिल्टर आहे, कोणते विषय बंद आहेत, नोंद किती दिवस ठेवतो, साइट उघडून हवी असेल तर काय करायचं. 'काय करायचं' याचं उत्तर 'काउंटरवर सांगा' असं नको. चिठ्ठीची पेटी ठेवा किंवा नाव न विचारणारा ऑनलाइन फॉर्म. यादी ठरवायला किमान दोन माणसं हवीत, त्यातली एक बाई असावी. चिठ्ठीवर एका दिवसात निर्णय. शंका असेल तर साइट उघडा.

नोंदी किती ठेवायच्या?

कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती साइट मागितली हे स्क्विड लिहून ठेवतो. अडवलेल्या ओळीवर 'डिनाइड' असं असतं. बिघाड शोधायला हे उपयोगी आहे. पण हीच फाइल चाळून "तुमचा मुलगा काय बघतो" हे घरी सांगणं म्हणजे फिल्टरच्या नावाखाली पाळत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याविरुद्ध तरतूद आहे. अभ्यासिकेत अकरावी-बारावीची मुलं असतातच.

सोपा मार्ग: नोंदी सात दिवसांत आपोआप पुसल्या जातील असं सेट करा. स्क्विडमध्ये 'क्लायंट नेटमास्क' नावाचं सेटिंग आहे, त्याने पत्त्याचा शेवटचा भाग झाकता येतो. पाय-होलमध्येही प्रायव्हसीच्या पातळ्या आहेत. फिल्टर तेवढाच चालतो, फक्त कोणी काय बघितलं ते कळत नाही.

नेहमीचे प्रश्न

व्हीपीएन टाकलं तर फिल्टर चुकवता येतो का? बऱ्याचदा हो. काही व्हीपीएन अडवता येतात, सगळी नाही. आणि खिशात सिम आहेच. वायफाय बंद केलं की फिल्टर संपला. हा फिल्टर त्या खोलीपुरता असतो, त्या मुलापुरता नसतो. चालकांना आणि पालकांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

फिल्टर अफवा अडवतो का? नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आयसीएमआरचं पथक तपासाला आलं, तोवर मोबाईलवर 'टक्कल व्हायरस' हे नाव पसरलेलंही होतं. व्हॉट्सॲपचा मेसेज पाठवणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत कुलूपबंद असतो, मधल्या प्रॉक्सीला तो दिसत नाही. तिथे कामाला येते ती खरी माहिती शोधायची सवय. त्यासाठी आरोग्याच्या आणि बातम्यांच्या साइट उघड्या असाव्या लागतात.

प्रॉक्सीने नेट फास्ट होतं का? पूर्वी व्हायचं, कारण एकदा आणलेलं पान स्क्विड साठवून दुसऱ्याला द्यायचा. आता पाकीट बंद असल्यामुळे साठवण्यासारखं फार उरलेलं नाही. पाय-होलमुळे जाहिराती कमी होतात, त्याने थोडा फरक पडतो.

सोशल मीडिया बंद करावं का? यूट्यूब आणि टेलिग्राम बंद केलंत तर भरतीच्या नोट्स आणि लेक्चर बंद. त्यापेक्षा स्क्विडमधला वेळेचा नियम वापरा आणि वेळ विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.

महिन्याला किती काम पडतं? तासभर. यादी अपडेट करा, सिस्टिमचे अपडेट घ्या, चिठ्ठ्यांची पेटी रिकामी करा आणि वरची चाचणी पुन्हा चालवा. पेटीत दोन महिने एकही चिठ्ठी आली नाही, तर सगळं ठीक चाललंय असं समजू नका. पेटी काउंटरच्या समोर ठेवली आहे का, ते आधी बघा.